किलोमीटर सत्याऐंशी, डावा काठ

४ मार्च. नामूरच्या खाली, उजवा काठ. वारा पश्चिमेचा, पाणी गढूळ.

बोटीची नोंदवही आता मशीनमध्ये गेली. वानेस कोऱ्या वह्या रद्दीत टाकायला निघाला होता, अकरा वह्या. म्हटलं, ठेव, मी लिहीन. "काय लिहिशील, आई?" म्हटलं, तुझ्याबद्दल लिहीन. वह्या परत फळीवर गेल्या. पोटचा पोरगा पन्नाशीला आला तरी आईने काय लिहिलं असेल याची भीती जात नाही, हे बरं आहे.

मला लिहिता येतं ते एवढंच: तारीख, ठिकाण, वारा, पाणी, मग जे झालं ते. शाळा दोन हिवाळे. कालवा गोठला की बोटवाल्यांची पोरं शाळेत, बर्फ फुटलं की परत बोटीवर. दोन्ही हिवाळे सौम्य गेले.

आज झालं ते असं. मतदार यादीचा फॉर्म परत आला. वर लाल शिक्का, "पत्ता अस्तित्वात नाही". आमचा एकट्याचा नाही, एक्केचाळीस बोटींचे आले.

५ मार्च. वी गावाच्या अलीकडे. पाऊस.

काल हात दुखला म्हणून अर्धवट सोडलं. तर फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंड, तिघांनी मिळून नदी परिषद काढली त्याला दोन वर्षं झाली. मास नदी तिघांतून वाहते, म्हणून तिच्यावर तिघांची मिळून एकच मालकीण. आतापर्यंत परिषद नुसती पत्रकं काढायची. आता तिला स्वतःचा कर लावायचा अधिकार दिलाय. प्रत्येक लॉकमधून, म्हणजे दोन दारांमध्ये पाणी चढवून-उतरवून बोट पुढे सोडतात त्या हौदातून, जाताना प्रत्येक बोटीने नदीकर भरायचा. आणि तो सगळ्यांना सारखा! आमची 'तीन बहिणी' अडतीस मीटरची, बर्तुसची बोट एकशे दहा मीटरची. तो आमच्या आठपट रेती नेतो आणि कर भरणार आमच्याएवढाच. असा कर लागला तर दिवाळं वाजायला एक हंगाम पुरे. मग 'तीन बहिणी' भंगारात आणि आम्ही कुठल्यातरी सदनिकेत चौथ्या मजल्यावर.

जूनच्या पहिल्या रविवारी परिषदेची पहिली निवडणूक आहे. निवडून आलेली माणसं पहिल्याच बैठकीत या करावर शिक्का मारणार. काठावर राहणाऱ्या सगळ्यांना मत. सायकलवाल्याला आहे, बदकांना पाव घालणाऱ्या पेन्शनरला आहे. जे कर भरणार त्या आम्हालाच नाही, कारण आमचा पत्ता अस्तित्वात नाही.

आता खरं ते लिहिते, वही माझीच आहे. चूक माझी. फॉर्मवर विचारलं होतं, कुठे राहता. बोटवाल्याला रेडिओवर कुणी विचारलं कुठे आहेस, तर तो काय सांगतो? बोटीचं नाव, किलोमीटर, काठ. मी लिहिलं: 'तीन बहिणी', किलोमीटर सत्याऐंशी, डावा काठ. आणि एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. मी रेडिओवर सगळ्यांना सांगितलं, असंच लिहा, खरं तेच लिहा, आपण काही चोर नाही. माझं सगळे ऐकतात. एक्केचाळीस बोटींनी आपापला किलोमीटर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पुढे गेल्या.

ग्रीट तेव्हा म्हणाली होती, "आई, आधी विचारून घेऊ या का?" ग्रीट आमची सून. चोवीस वर्षं बोटीवर आहे आणि चोवीस वर्षांत चोवीस वाक्यं बोलली असेल. मी म्हटलं, तू सूप बघ.

९ मार्च. लिएज, परिषदेच्या कचेरीखाली. ऊन.

वानेसने बोट नेमकी कचेरीच्या खाली बांधली. मी चांगला कोट घातला. खिडकीत एक टकला कारकून.

"बाई, हा पत्ता सापडत नाही."

"कसा सापडेल, आम्ही हललो तिथून."

"मग आता कुठे आहात?"

"तुमच्या खिडकीखाली. कपडे वाळत घातलेत ती."

त्याने खरंच वाकून बघितलं. चेहरा जरा लाल झाला. वरच्या दोरीवर वानेसच्या चड्ड्या होत्या.

"आणि उद्या?"

"उद्या खडी घेऊन हॉलंडात."

"बाई, बोट हे वाहन आहे. वाहनाला मत नसतं."

"कर असतो?"

"कर असतो."

"मग लॉकवर पाकीट काय वाहन काढणार आहे खिशातून?"

मागच्या रांगेतली एक बाई हसली. कारकुनाने खिडकी लावून घेतली, जेवायची वेळ झाली म्हणाला. साडेदहा वाजले होते.

जिन्यात परिषदेच्या अध्यक्षीणबाई भेटल्या, मादाम कोलिने. फोटोत मोठ्या दिसतात, खऱ्या बारक्या आहेत. हातात सँडविच, दुसऱ्या हातात फायली. मी वाट अडवली. माणूस बरा वाटला, हे लिहायला हवं. उभ्या उभ्या ऐकून घेतलं. म्हणाल्या, "महापुरानंतर किती बांध तसेच पडलेत ते तुम्हीच रोज बघता, मादाम. गाळ काढायला तीन सरकारांपुढे हात पसरायचा, एकाने मान हलवली नाही की सगळं ठप्प. स्वतःचा कर नसला तर परिषदेला कणा नाही. आणि मला कुणी निवडलं नाही हे मला ठाऊक आहे. मला तीन मंत्र्यांनी नेमलं. म्हणून तर निवडणूक."

म्हटलं, "मग निवडणूक पुरती करा ना. अर्धी कशाला?"

"यादीचे नियम तिन्ही सरकारांनी मिळून केलेत. यादी तीस एप्रिलला बंद. माझ्या हातात काही नाही."

हातात सँडविच होतं, तेवढं खरं.

गाळाचं मात्र बाई बरोबर बोलल्या. मागच्या महिन्यात आमचं बूड दोनदा घासलं. कर द्यायला माझी ना नाही. पण ज्याला मी नेमलं नाही आणि ज्याला मी काढू शकत नाही, त्याने येऊन माझ्या डब्यात हात घालायचा नाही.

१० मार्च. लिएजच.

हिल्के येऊन गेली. वानेस-ग्रीटची मुलगी, माझी नात. बोटीवर जन्मली, पाच वर्षांपूर्वी नदी सोडली, आणि आता नोकरी कुठे? त्याच परिषदेत, दुसऱ्या मजल्यावर कागद लावते. मी तिला कचेरीत भेटायला गेले नाही, मुद्दाम.

वाफल घेऊन आली होती. म्हणाली, "आजी, माझ्या खोलीचा पत्ता द्या. तुम्हा तिघांची नावं मी उद्या घालते. इतका सोपा मार्ग आहे."

"आणि मार्सलाँचं काय? विधवा ओडिलचं काय? एक्केचाळीस बोटी तुझ्या खोलीत राहतात म्हणून लिहू?"

"निदान तुमचं तरी—"

"तुझ्या गल्लीत उमेदवार कशावर बोलतात? ट्रामवर. आमची तीन मतं त्या ट्रामखाली जातील. आम्ही नदीवर राहतो ते नदीवर म्हणूनच मोजायचं. तू नदी सोडलीस, तुला काय कळायचं."

ती उठली. डोळे भरले होते की सर्दी होती, मी विचारलं नाही. वाफल ठेवून गेली. वाफल चांगलं होतं.

वानेस म्हणाला, "आई, पोरीला एवढं बोलायची गरज नव्हती." म्हटलं, तू इंजिन बघ.

१७ मार्च. मासब्राख्ट, बंदरात. थंडी.

बोटवाल्यांची सभा. कॉफी चिकरीची, बिस्किटं नाहीत. बर्तुसही आला होता. माझ्याच वयाचा, पोट त्याच्या बोटीएवढं. त्याचं काठावर घर आहे, लेसचे पडदे लावलेलं, त्यामुळे त्याचं नाव यादीत लागलं.

"काय लेओनी, किलोमीटर कितवा आज?" सगळ्यांसमोर.

"तुझ्या पोटाला वळसा घालून आले, म्हणून उशीर झाला."

हशा झाला, पण त्यातून निघालं काही नाही. अर्ज करा, वकील करा, मंत्र्याला भेटा. कुठल्या मंत्र्याला? तीन देश. बेल्जियमवाला म्हणतो हे परिषदेचं, परिषद म्हणते हे सरकारांचं, फ्रान्सवाला जेवायला गेलेला. जिथे तिघे मिळून मालक असतात तिथे घरी कुणीच नसतं. शेवटी बर्तुस म्हणाला, "कर येणारच. मोठी बोट घ्या नाहीतर उतरा काठावर. नदी कुणासाठी थांबत नाही."

विधवा ओडिल कप विसळत होती. तिच्या बोटीचं लाकडी सुकाणू तिच्या नवऱ्याच्या बापाने केलेलं आहे. एकच कप ती पुन्हा पुन्हा विसळत राहिली.

मी घरी येऊन ग्रीटवर ओरडले, सूप खारट म्हणून. खारट नव्हतं.

२ एप्रिल. खडी भरली.

काही नाही. तीस एप्रिल जवळ येतोय. झोप येत नाही असं लिहिणार होते, पण येते.

८ एप्रिल. सीमेवरचं लॉक. वारा उत्तरेचा.

लॉकवाल्या फिर्मँकडे आमच्या नावाचं पाकीट पडलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत छापील पानाची प्रत, नदीच्या वाहतुकीचे नियम, पान चव्वेचाळीस. एका ओळीखाली हिरवी रेघ. अक्षर माझ्याच्याने लागेना, ग्रीटने वाचून दाखवलं: "प्रत्येक बोटीला लॉकचा हौद एकटीसाठी मागण्याचा हक्क आहे. दोन किंवा अधिक बोटींनी हौद वाटून घेणे हे त्यांच्या चालकांच्या संमतीवर अवलंबून राहील."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं.

हौद वाटून घ्यायचं आमच्यात कधी कुणी विचारत नाही. मोठी बोट आधी शिरते, उरलेल्या फटीत आम्ही बारक्या बोटी तिच्या कुशीला चिकटून उभ्या राहतो. मागचं दार लागतं, पाणी चढतं, तोवर इकडची कॉफी तिकडे, तिकडची उखाळी-पाखाळी इकडे. माझ्या लग्नाचं असंच हौदात ठरलं. पण ती रीत आहे, कायदा नाही. एक बोट चढवायला चाळीस मिनिटं. एक्केचाळीस बोटी एकेकट्या चढायच्या म्हटल्या तर...

हिशेब ग्रीटने केला. सत्तावीस तास नि वर काहीतरी. "आणि वर गेलेली बोट वळून परत खाली मागू शकते, आई," ती म्हणाली. एका दिवसात दोन वाक्यं!

पाकीट कुणी पाठवलं? फिर्मँनेच, दुसरं कोण. बोलला नाही, नोकरी जाईल म्हणून. मी त्याला डोळा मारला तर तो घाबरला. पाकिटावरचं अक्षर डावीकडे झुकलेलं आहे, आमच्या हिल्केसारखं डावखुरं. डावखुरी माणसं काय कमी आहेत जगात.

१२ एप्रिल. मासब्राख्ट.

पुन्हा सभा, यावेळी फक्त बारक्या बोटी. मी सांगितलं. मार्सलाँ म्हणाला, "दंड होईल." म्हटलं, नियम पाळला म्हणून? तोडला असता तर समजले असते. ग्रीटने पान चव्वेचाळीस फ्रेंचमध्ये वाचलं, मग डचमध्ये. तिला एवढं नीट वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. मागणी एकच ठरली: जे नदीवर राहतात त्यांची नावं यादीत, त्यांच्या बोटीच्या पत्त्यावर.

१९ एप्रिल. सीमेवरचं लॉक. सकाळ, धुकं.

सुरू केलं.

पहिली आमचीच बोट. हौद रिकामा, सहा बोटी मावतील एवढा. मागे बर्तुस, नेहमीसारखा नाक पुढे घालायला निघालेला. मी रेडिओ उचलला.

"बर्तुस, थांब. मला एकटीला हवा."

"काय?"

"हौद. पान चव्वेचाळीस."

"लेओनी, डोकं फिरलं का तुझं? अडतीस मीटरच्या होडक्यासाठी अख्खा हौद?"

"माणूस एकटा न्हातो ना टबमध्ये? तसं समज."

त्यानंतर तो जे बोलला ते वहीत लिहिता येत नाही. फिर्मँ वरून ओरडला, "लेओनी, खरंच?" म्हटलं, लिहून घे, वेळ पण लिही. दार लागलं. एवढ्या मोठ्या हौदात आपली बोट एकटी, चारी बाजूंनी पाणी, मधोमध आपण. राणीला काय वाटत असेल ते कळलं. चाळीस मिनिटं चढत होतो, मी डेकवर खुर्ची टाकून बटाटे सोलले.

संध्याकाळपर्यंत चौदा बोटी. रांग चार किलोमीटर.

२० एप्रिल. तिथेच.

रांग सात किलोमीटर. दोन्ही बाजूंनी. वर गेलेल्या वळल्या. पोलीस बोटीवर आले, ग्रीटने पान दाखवलं, त्यांनी कुणाला तरी फोन केला, मग सलाम करून उतरले. एकाने कॉफी घेतली.

ग्रीट दिवसभर रेडिओला चिकटून. कोण कितवा, कुणाला कधी, दोन्ही भाषांत. कुणी भांडला की तिचा आवाज यायचा, हळू, "मार्सलाँ, तुमची पाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी," आणि मार्सलाँ गप्प. स्वयंपाक मला करावा लागला. आंदोलन माझं आणि कांदे चिरायलाही मीच.

दुपारी एक बोट आली, कोंबड्यांचं खाद्य भरलेली. चालक म्हणाला, माझं थांबलं तर परवा चाळीस हजार कोंबड्या उपाशी. काही जण म्हणाले, नियम सगळ्यांना. मी विचार केला. आपल्याला मत नाही यात कोंबड्यांचा काय गुन्हा? तिला पुढे सोडलं. मग एक जण म्हणाला माझ्या बोटीत बायको आहे, ती पण उपाशी. म्हटलं, तिला इकडे पाठव, सूप आहे.

वानेस म्हणतो डिझेल संपत चाललं. किती दिवस चालवायचं, आई? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. लोकं माझ्या शब्दावर उभी आहेत, एकदा माझ्याच शब्दावर फॉर्म भरून बसली होती. हे परत तसंच निघालं तर मी कुणाला तोंड दाखवू? हे फक्त वहीत.

२१ एप्रिल. तिथेच. ऊन, वारा नाही.

रांग नऊ किलोमीटर. टीव्हीवाले आले. मला विचारलं, कराला विरोध का? म्हटलं, कराला नाही, बाबा. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी कॅमेरा चालू केला.

परिषदेने पत्रक काढलं: बोट हे निवासस्थान मानता येत नाही. रेडिओवर कुणीतरी वाचून दाखवलं. 

आणि मग बर्तुस. तीन दिवस शिव्या घालून घसा बसलेला.

"फिर्मँ."

"बोला."

"पुढची पाळी माझी?"

"हो. मागे ओडिलबाई आहेत, त्यांना आत घेणार का?"

"नाही. मला एकट्याला हवा हौद."

 मी रेडिओ उचलला. "बर्तुस, तुझं नाव तर यादीत आहे."

"माझं आहे. माझ्या पोराचं नाही. दुसऱ्या बोटीवर राहतो, बायको-पोरं घेऊन. काल त्याचा फॉर्म परत आला. मी म्हटलं, बापाच्या घरी राहतो म्हणून लिही. तर म्हणाला, बाबा, मी तुमच्या लेसच्या पडद्यात राहत नाही." खाकरला. "आणि लेओनी, टबमध्ये एकटं न्हायला मलाही आवडतं."

एकशे दहा मीटरची बोट एकटीच आत गेली. मागोमाग दुसरा मोठा बोटवाला म्हणाला, मलाही. मग तिसरा. रांगेतल्या सगळ्यांनी भोंगे वाजवले, नऊ किलोमीटर. ओडिल डेकवर उभी राहून भोंग्याची दोरी सोडतच नव्हती. काठावरच्या गायी पळाल्या.

संध्याकाळी सहाला मादाम कोलिने यांचा फोन. सुनावणी, परवा, सगळ्यांसमोर.

२३ एप्रिल. लिएज.

मोठं सभागृह. कानाला लावायचं यंत्र, त्यात एक बाई दोन्ही भाषा उलट्यासुलट्या सांगते. मी काढून ठेवलं, कान दुखतो. समोर टेबलाशी तीन सरकारांची तीन माणसं, मधे मादाम कोलिने. तिघांनीही हो म्हटल्याशिवाय काही होत नाही, हा त्यांचा कायदा.

फ्रान्सवाल्याने विचारलं, "मादाम, आपण नेमक्या राहता कुठे?"

म्हटलं, "नदीवर. तुमचा कर कशावर आहे? नदीवर. तुमच्या परिषदेचं नाव काय? नदी परिषद. मग अख्ख्या काठावर आमच्याएवढा पक्का पत्ता कुणाचा आहे ते सांगा."

टाळ्या पडल्या. माझं काम झालं होतं, मी बसले.

मग त्या लोकांनी बारीकसारीक प्रश्न काढले. यादी कशी करणार, एकाने दोनदा मत दिलं तर, उद्या कुणीही बोट घेऊन आला तर. ग्रीट उठली. म्हणाली, "प्रत्येक बोटीला एक नंबर असतो. बोट विकली, रंग बदलला, देश बदलला, तरी भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. घराचे नंबर पालिका दर दहा वर्षांनी बदलते. कर कुणाकडून घ्यायचा हे ठरवायला तुम्ही तोच नंबर वापरणार आहात, तुमच्या मसुद्यात पान सहावर आहे. ज्या नंबरावर कर घेता येतो त्याच नंबरावर मत घेता येईल." आणि बसली.

तिघे पान सहा शोधू लागले. मादाम कोलिने शोधत नव्हत्या. त्या ग्रीटकडे बघत होत्या.

बेल्जियमवाल्याचा हात वर. फ्रान्सवाल्याचा वर. हॉलंडवाला म्हणाला, "आणि मत मिळाल्यावर तुम्ही कर बुडवायलाच बघणार, नाही का?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "ते आम्ही निवडून दिलेला माणूस ठरवेल. तुम्हाला निवडून कुणी दिलंय?"

मादाम कोलिने यांनी रुमालात तोंड लपवलं. हॉलंडवाला माझ्याकडे बघत राहिला, मग मागे बसलेल्या बर्तुसकडे, त्याच्या देशाचा माणूस. बर्तुसने नुसती हाताची घडी घातली. त्या घडीत पोट मावत नव्हतं, पण काम झालं. हात वर गेला.

बोटवाल्यांची वेगळी यादी. परिषदेत पाण्यावर राहणाऱ्यांची एक जागा. आणि कराचं नव्या परिषदेने पहिल्यापासून ठरवायचं.

मी जिंकले. ग्रीटने नंबराचं काहीतरी सांगितलं त्याचाही उपयोग झाला.

६ मे.

उमेदवार कोण, यावर सभा. मी चांगला कोट घालून गेले. सगळ्यांनी ग्रीटचं नाव घेतलं. सगळ्यांनी! ओडिलने सुचवलं, बर्तुसने दुजोरा दिला. ग्रीट माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, मला काय, मला चार ओळींच्या वर वाचता येत नाही.

दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. तिच्या लक्षातही आलं नसेल, आमच्यात एरवीही तेवढंच बोलणं.

५ जून, रविवार. सीमेवरचं लॉक. ऊन.

मतदान. पेटी फिर्मँच्या कोठीत. बोटी पुन्हा पूर्वीसारख्या हौद वाटून घेऊन आत. बर्तुसची मोठी, तिच्या कुशीला आम्ही, ओडिल, मार्सलाँ आणि आणखी दोन. पाणी चढत होतं आणि माणसं एका बोटीवरून दुसरीवर, दुसरीवरून शिडीने काठावर, मत देऊन परत. दार उघडायच्या आत सगळ्यांचं झालं. बर्तुसचं मत घराच्या पत्त्यावर लागलेलं, सकाळीच गावात देऊन आला होता, पण इथेही चढून आला. म्हणाला, बघायला.

हिल्के आली होती. दोराच्या वेटोळ्यावर बसली, लहानपणी बसायची तशी. म्हणाली, "आजी, तो नियम कुणी पाठवला ते कळलं का?"

"फिर्मँने. अजून कुणाला एवढी अक्कल आहे?"

ती हसायला लागली, थांबेचना. कशाला हसली काय माहीत. मी म्हटलं, मार्चमध्ये जास्त बोलले तुला. म्हणाली, बोललीस. एवढ्यावर मिटलं.

फिर्मँने चिठ्ठी दिली, पडद्यामागे गेले. माझं वय अठ्ठ्याहत्तर. देशाच्या निवडणुकीत मत देते, तिथे टपालापुरता पत्ता चालतो, नेहमीच देते, ज्यांना देते त्यांची तोंडं कधी बघितली नाहीत. इथे पहिलं नाव ग्रीटचं होतं. पेन्सिल जरा थांबली, खोटं कशाला लिहू. मग फुली मारली, दाबून.

७ जून.

पाण्याची जागा: ग्रीट. दोनशे सहा मतांपैकी एकशे नव्वद. उरलेली सोळा कुणाची ते मी शोधून काढणार आहे.

शिंपले उकडले, बर्तुसने बिअरचं पिंप आणलं. वानेस रडला. त्याचा बापही असाच होता.

१ जुलै. सीमेवरचं लॉक. वारा दक्षिणेचा, पाणी स्वच्छ.

परवा नव्या परिषदेने कर मंजूर केला. बोटीच्या वजनावर. मोठ्यांना जास्त, आम्हाला कमी, निम्मा पैसा गाळ काढायला असं त्यात लिहून घेतलेलं. बर्तुस दोन दिवस रेडिओवर बोंबलतोय, पण भरणार म्हणतो. विरोधात कुणी कुणी हात वर केला ते टीव्हीवर दाखवलं. ग्रीटने केला नाही. तिने कराच्या बाजूने केला, सगळ्यांसमोर, सरळ.

आज पहिल्यांदा लॉकला कर भरायचा होता. मी स्वतः भरला, वानेसला भरू दिला नाही. फिर्मँने पावती फाडून दिली. दोनदा वाचली. मग तशीच हातात धरून स्वयंपाकघरात गेले. प्रतिनिधीबाई बटाटे सोलत बसल्या होत्या.

"ग्रीट, हा कर जास्त आहे."

तिने सुरी खाली ठेवली नाही. "गाळ बघितलात ना, आई?"

"गाळ बघितला. तरी जास्त आहे."

"मग चार वर्षांनी पाडा मला."

"पाडीन. बघच तू."

"बघते," ती म्हणाली, आणि हसली. चोवीस वर्षांत ग्रीट माझ्यासमोर अशी हसलेली मला आठवत नाही.

मी दुसरी सुरी घेतली आणि तिच्यासमोर बसले. आधी तिला निवडणुकीत पाडायचं कसं याचा विचार केला, मग बटाटे सोलायला घेतले. बाहेर पाणी चढत होतं, आम्ही दोघी वर वर जात होतो.